दीडशे एएचची बॅटरी अडीच तासांत का बसते? बॅटरीवरचे आकडे आणि त्यांचा खरा अर्थ

विचारणारे भाऊ यावल तालुक्यातले, केळीवाले. घरी ९०० व्हीएचा इन्व्हर्टर आणि त्याला दीडशे एएचची नवी ट्युब्युलर (नळीदार प्लेटची, शिसं-ॲसिडवाली) बॅटरी. दुकानदार म्हणाला होता, "आठ-दहा तास पाहायचं काम नाही." मे महिन्यात लाईट गेली तर सव्वादोन-अडीच तासांत इन्व्हर्टर ओरडायला लागतो. त्यांना तीन गोष्टी हव्या आहेत: व्होल्ट, अँपिअर, एएच, वॉट, व्हीए हे नेमकं काय असतं, बॅटरी खराब माथी मारली का, आणि फवारणी पंपासकट सगळं लिथियमवर न्यावं का.

बॅटऱ्या विकणं, बसवणं आणि बसलेल्या उघडून पाहणं हाच माझा जळगाव-भुसावळ पट्ट्यातला धंदा आहे, त्यामुळे मधल्या प्रश्नाचं उत्तर आधी देऊन टाकतो. भाऊ, तुम्ही जो लोड सांगितला त्यावर चांगली बॅटरीही तेवढंच चालते. दुकानदाराचा आकडाही पूर्ण खोटा नाही, फक्त तो तुमच्या घराचा नाही. बॅटरीवर छापलेला कुठलाही आकडा काही अटींवर खरा असतो, आणि त्या अटी बारीक अक्षरात असतात किंवा नसतातच.

व्होल्ट, अँपिअर आणि एएच शेतकऱ्याला समजायला अवघड नाहीत. व्होल्ट म्हणजे पाण्याचा दाब, अँपिअर म्हणजे पाइपातून या घडीला किती पाणी वाहतंय ते, आणि एएच, म्हणजे अँपिअर-तास, ही टाकीची साठवण. असं सगळेच सांगतात आणि ते एका जागेपर्यंत बरोबर आहे. हजार लिटरच्या टाकीला अर्ध्या इंचाची तोटी लावा नाहीतर दोन इंचाची, पाणी हजार लिटरच मिळणार. बॅटरीचं तसं नाही. तिच्यातून जोरात ओढलं की साठवणीतला काही भाग हाताला लागतच नाही.

कारण आतल्या रसायनात आहे. शिशाच्या प्लेटला बारीक छिद्रं असतात आणि त्यात ॲसिड मुरलेलं असतं. करंट हळू ओढला तर छिद्रातलं ॲसिड संपेपर्यंत बाहेरचं आत झिरपतं. जास्त ओढला तर झिरपायला वेळच मिळत नाही. छिद्रात नुसतं पाणी उरतं, व्होल्ट खाली येतात आणि इन्व्हर्टर बंद करतो. बाहेर ॲसिड शिल्लक असतं, पण त्याचा उपयोग होत नाही. बंद पडलेला इन्व्हर्टर अर्ध्या तासानं परत सुरू केला की दहा-पंधरा मिनिटं चालतो, हे तुम्ही पाहिलं असेल. तेवढ्या वेळात ॲसिड आत झिरपलेलं असतं.

म्हणून एएचच्या शेजारी 'सी-२०' किंवा 'सी-१०' असं काही लिहिलेलं असतं ते वाचायचं. सी-२० म्हणजे बॅटरी वीस तासांत रिकामी करून मोजलेला आकडा. दीडशे एएच सी-२० याचा अर्थ साडेसात अँपिअर करंट वीस तास मिळेल, तेही ॲसिडचं तापमान २७ अंश असताना. तीच बॅटरी दहा तासांत रिकामी केली तर दीडशेपेक्षा कमी भरेल, आणि तीन तासांत केली तर शंभर-सव्वाशेच्या दरम्यान कुठंतरी. सोलरच्या बॅटऱ्या बहुधा सी-१० वर विकतात, त्यामुळे दीडशे सी-१० ची बॅटरी दीडशे सी-२० पेक्षा मोठी असते. किमतीतला फरक पुष्कळदा इथून येतो आणि गिऱ्हाईक समजतं दुकानदार लुटतोय. उलटही होतं: सी-१०० चा आकडा मोठ्या टायपात छापला की लहान बॅटरी मोठी दिसते. अक्षर कुठंच छापलेलं नसेल तर ती बॅटरी घेऊ नका, असं माझं मत आहे.

आता तुमचं घर. वॉट म्हणजे व्होल्ट गुणिले अँपिअर, एखादी वस्तू एका क्षणाला किती वीज खाते ते. दोन पंखे ७५ वॉटचे म्हणजे १५०. पाच एलईडी बल्ब ९ वॉटचे, ४५. टीव्ही ६०. आणि तुम्ही शेवटी हळूच लिहिलेला लोखंडी कूलर, मोटर आणि पाण्याचा पंप धरून २००. बेरीज ४५५ वॉट. इन्व्हर्टर स्वतः काही खातो. बॅटरीतून काढलेल्यापैकी ऐंशी टक्के घराला मिळतं असं धरा. म्हणजे बॅटरीतून सुमारे ५७० वॉट निघतात, आणि १२ व्होल्टनं भागले की ४७ अँपिअर. शाळेतला भागाकार सांगतो १५० भागिले ४७, तीन तास दहा मिनिटं. पण ४७ अँपिअरला ती दीडशेची राहत नाही, शंभर-एकशेपाचची होते. मग उरतात सव्वादोन तास. तुम्ही घड्याळ लावून मोजलं तेच.

कूलर काढला तर लोड २५५ वॉटवर येतो, बॅटरीतून साधारण २७ अँपिअर, आणि चार-सव्वाचार तास मिळतात. त्यापुढे दोन्ही पंखे बदलून ३० वॉटचे बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचे) बसवले तर लोड १६५ वॉट, करंट १७ अँपिअर आणि वेळ सात तासांच्या वर. इथं गंमत पाहा: ४७ वरून १७, म्हणजे करंट तिसऱ्या हिश्शाच्या जरा वर राहिला, पण वेळ तिपटीपेक्षा जास्त वाढला. हळू ओढण्याचा फायदा दोनदा मिळतो. दुसरी बॅटरी घ्यायच्या आधी पंखे बदला, हा सल्ला मी दुकानात उभ्या असलेल्या गिऱ्हाइकालाही देतो, जरी त्यात माझी एक बॅटरी विकायची राहते.

९०० व्हीए म्हणजे ९०० वॉट नव्हेत. घरगुती इन्व्हर्टरला पॉवर फॅक्टर, म्हणजे व्हीएपैकी खऱ्या वॉटचा हिस्सा, ०.७ ते ०.८ धरून ६३० ते ७२० वॉट एवढाच लोड घ्यायचा, आणि कूलरची मोटर सुरू होताना क्षणभर कितीतरी जास्त खेचते हे लक्षात ठेवायचं. व्हीए म्हणजे इन्व्हर्टरची ताकद, बॅटरीच्या वेळेशी त्याचा काही संबंध नाही. मोठा इन्व्हर्टर घेतला म्हणून बॅकअप वाढत नाही, हे समजावून सांगण्यात माझा अर्धा दिवस जातो.

व्होल्टच्या बाबतीत लोकांचा सगळ्यात मोठा घोळ होतो. "मीटर बारा दाखवतं, मग बॅटरी भरलेली आहे ना?" नाही भो. शिशाच्या बॅटरीत सहा सेल, प्रत्येक भरलेला सेल २.१ व्होल्टच्या जवळ; पूर्ण भरलेली, चार्जर आणि लोड दोन्ही काढून काही तास शांत ठेवलेली बॅटरी १२.५ ते १२.७ दाखवते. शांत बॅटरीला १२.० म्हणजे पाव भागच उरलाय. चार्जर चालू असताना मीटर १३.७ किंवा १४.४ दाखवेल, तो आकडा चार्जरचा आहे. लोड चालू असताना ११.८ दिसले तर लगेच घाबरायचं कारण नाही. आकडा वाचण्याआधी बॅटरी कुठल्या अवस्थेत आहे ते पाहा, नाहीतर मीटर घेऊन काही फायदा नाही.

आणि शांत असताना १२.६ दाखवणारी बॅटरी लोड टाकताच ९ वर आली तर? व्होल्ट आहेत पण दम नाही. तिचा आतला रेझिस्टन्स वाढलाय: प्लेट झिजलीय, सल्फेट बसलंय किंवा एखादा सेल गेलाय. पंधरा मिलिओहम रेझिस्टन्सला ४७ अँपिअर गुणले की ०.७ व्होल्ट आतल्या आतच गळतात. म्हणून जुनी गाडी किंवा बॅटरी घेताना नुसता मीटर लावू नका, लोड टाकून बघा. ट्रॅक्टरच्या बॅटरीला सेल्फ मारताना व्होल्ट किती पडतात ते पाहिलं की सगळं कळतं.

हाच गुणाकार वायरलाही लागू आहे. घरातल्या २३० व्होल्टच्या लाइनीत ४५५ वॉटला दोनच अँपिअर लागतात, पण बॅटरीच्या बाजूला ४७. बॅटरी लांब ओट्यावर ठेवायची म्हणून कुणी दोन मीटरची ६ चौरस मिलिमीटरची साधी वायर जोडली, तर जाऊन-येऊन चार मीटर तांब्यात अर्धा व्होल्ट जातो आणि टर्मिनलचा नट गरम होतो. १६ चौरस मिलिमीटर वापरली तर ०.२ च्या आसपासच. इन्व्हर्टरसोबत आलेली जाड वायर तोडून वाढवू नका.

आता आपल्या खान्देशाचं. बॅटरीचे सगळे आकडे २५ किंवा २७ अंशांना मोजलेले असतात, आणि जळगाव-भुसावळला उन्हाळ्यात पारा ४५ च्या घरात जातो. पत्र्याच्या खोलीत तर विचारूच नका. उष्णतेनं बॅटरीतलं रसायन चपळ होतं, त्यामुळे उन्हाळ्यात बॅकअप उलट थोडा जास्तच मिळतो. पण आयुष्य झपाट्यानं संपतं. तापमान कायम दहा अंशांनी जास्त राहिलं तर आयुष्य जवळपास अर्धं होतं असा या धंद्यातला जुना ठोकताळा आहे. मग डिसेंबर-जानेवारीत धुळ्याचा पारा सहा-सात अंशांवर उतरला की रसायन सुस्तावतं आणि आधीच झिजलेली बॅटरी उघडी पडते. लोक म्हणतात थंडीनं बॅटरी मेली. मारलेली असते उन्हाळ्यानं, थंडीत फक्त कळतं.

उष्णतेत चार्जिंगचे व्होल्टही कमी करावे लागतात, १२ व्होल्टच्या बॅटरीला दर अंशामागे १८ ते ३० मिलिव्होल्ट. २७ अंशांना १३.७ बरोबर असतील तर ४२ ला १३.३ ते १३.४ हवेत. इन्व्हर्टरला तापमानाचं भान नसेल तर तो तेच १३.७ देत राहतो, पाण्याचा वायू होऊन ते उडतं, आणि गिऱ्हाईक येतं, "बॅटरी लई पाणी पिते." बॅटरी उत्तरेच्या किंवा पूर्वेच्या भिंतीजवळ, हवेशीर जागेत ठेवा. चार्ज होताना हायड्रोजन निघतो, म्हणून देवघराच्या समईशेजारी तर नकोच. एप्रिल ते जून दर महिन्याला पाण्याची पातळी बघा. डिस्टिल्ड वॉटरच टाका. बोअरचं नको, ॲसिड तर मुळीच नको.

झाकण उघडलंच आहे तर ग्रॅव्हिटी, म्हणजे ॲसिड पाण्यापेक्षा किती जड आहे ते, हायड्रोमीटरनं बघा. हायड्रोमीटर स्वस्त मिळतो, आणि माझ्या मते व्होल्टमीटरपेक्षा जास्त खरं बोलतो, कारण सहाही सेल वेगवेगळे तपासता येतात. ट्युब्युलर भरलेली असली की १.२४० च्या आसपास, त्यात ०.८५ मिळवले की त्या सेलचे व्होल्ट निघतात, २.०९, आणि सहापट केले की साडेबारा. पाच सेल १.२४० आणि एक १.१७० असला तर कुठं गडबड आहे ते समजलं. मात्र वाचन २७ अंशांचं हवं. त्याच्या वर दर अंशाला ०.०००७ मिळवायचे. दुपारी ॲसिड ४२ अंशांवर असेल तर हायड्रोमीटर १.२३० दाखवेल आणि बॅटरी मात्र भरलेलीच असेल. या फरकामुळे उन्हाळ्यात किती चांगल्या बॅटऱ्यांमध्ये उगाच ॲसिड ओतलं जातं! पाणी टाकल्या-टाकल्याही वाचू नका, ते मिसळायला एक चार्जिंग जाऊ द्या.

चार्जिंगचं थोडक्यात: दीडशे एएचला १५ अँपिअर, म्हणजे दहावा हिस्सा, हा सुरक्षित वेग. काढलं त्यापेक्षा पंधरा-वीस टक्के जास्त भरावं लागतं, त्यामुळे पूर्ण रिकामी बॅटरी भरायला बारा तास लागतात. रोज तीन-चार तासच लाईट असेल तर ती कधी पूर्ण भरतच नाही, आणि अर्धी उपाशी बॅटरी सल्फेटनं लवकर जाते. किती टक्के रिकामी केली याला डेप्थ ऑफ डिस्चार्ज म्हणतात. रोज ऐंशी टक्के काढाल तर कमी वर्षं, पन्नास टक्क्यांवर थांबाल तर पुष्कळ जास्त.

दोन बॅटऱ्या जोडायच्या तर सिरीजमध्ये २४ व्होल्ट १५० एएच होतात, पॅरललमध्ये १२ व्होल्ट ३०० एएच. साठवण दोन्हीकडे तीच, ३६०० वॉट-तास. वॉट-तास हाच खरा हिशोब, एएच नव्हे. हजार वॉट-तास म्हणजे बिलावरचं एक युनिट. मोबाइलच्या पॉवर बँकेवर १०,००० एमएएच लिहितात ते आतल्या ३.७ व्होल्टच्या सेलचे, म्हणजे ३७ वॉट-तास. ५ व्होल्टवर बाहेर येताना सहा हजारांच्या आसपासच उरतात. फसवणूक नाही, व्होल्ट सांगितले नाहीत एवढंच. जुनी आणि नवी बॅटरी मात्र एकत्र जोडू नका. जुनी नवीला ओढून खाली नेते.

बऱ्याच केळीवाल्यांचा पुढचा प्रश्न असतो: बॅटरीवर मोटर चालवता येईल का? वॉट-तास लावून बघा. पाच एचपी म्हणजे ३७३० वॉट, पण ते मोटरच्या शाफ्टला मिळणारे. मोटर लाइनीतून पावणेपाच-पाच किलोवॉट घेते. तीन तास चालवायची तर चौदा-पंधरा युनिट. तुमची दीडशेची बॅटरी त्या वेगानं ओढली तर सव्वा युनिट देते. म्हणजे बारा-चौदा बॅटऱ्या, वर मोटर सुरू होताना पाच-सहा पट करंट झेलणारा इन्व्हर्टर. रावेर-यावलच्या खोल बोअरला तर पाच एचपीत भागतही नाही. सोलर पंपाला म्हणूनच बॅटरी नसते. ऊन असताना पाणी वर काढून शेततळ्यात साठवणं कितीतरी स्वस्त पडतं.

याच्या उलट टोकाला सातपुड्याच्या पायथ्याशी रानडुकरांसाठी लावतात ती झटका मशीन. तारेवर आठ-दहा हजार व्होल्ट असतात आणि लहानशी १२ व्होल्टची बॅटरी कित्येक रात्री पुरते. कारण झटका सेकंदाला एक, सेकंदाच्या अगदी बारीक भागापुरता, आणि त्यात ऊर्जा काही ज्यूलच. जनावर दचकतं, मरत नाही. मशीन नाही म्हणून कुणी सरळ २३० व्होल्टची लाइन तारेत सोडतं. तिथं व्होल्ट कमी असले तरी करंट थांबत नाही, आणि त्यानं माणसं मेली आहेत. तो गुन्हाही आहे.

राहिलं लिथियम. शिशापेक्षा ते खरंच हळू-जोराच्या भानगडीत फारसं पडत नाही: शंभर एएचची एलएफपी (लिथियम-लोह-फॉस्फेट) बॅटरी ४७ अँपिअरला जवळजवळ शंभरच देते. म्हणजे तुमच्या कूलरसकटच्या लोडला १०० एएच एलएफपी आणि १५० एएच ट्युब्युलर बरोबरीला येतात, आणि लिथियमची रिकामी-भर सायकल दोन हजारांच्या पुढे जाते. चार्जही लवकर होतं. पण इन्व्हर्टरला लिथियमचा मोड असेल तरच, आणि पत्र्याखालच्या ४५ अंशांत तीही सुखी नसते. तिचे व्होल्ट १३.० ते १३.३ वर बराच वेळ हलत नाहीत, त्यामुळे मीटरनं किती शिल्लक ते कळत नाही. बीएमएसचा, म्हणजे बॅटरीतल्या राखणदार सर्किटचा, टक्का पाहावा लागतो. बॅटरी नवी आहे तर तिला तिचं आयुष्य जगू द्या. ती गेली की पुढच्या वेळी लिथियमचा विचार करा.

फवारणी पंपाला मात्र आत्ताच बदललं तरी चालेल, पाठीवरचं वजन कमी होतं. इथं एक धोका नीट समजून घ्या. 'बारा व्होल्ट लिथियम' नावाखाली दोन वेगळ्या वस्तू विकतात. एकात एलएफपीचे चार सेल असतात, प्रत्येकी ३.२ व्होल्ट, पूर्ण भरल्यावर १४.६. दुसऱ्यात ३.७ व्होल्टचे तीनच सेल, पूर्ण भरल्यावर १२.६. पंपाचा जुना चार्जर १४.४ पर्यंत जातो; तो तीन सेलवाल्याला लावला तर सेलमागे ४.८ व्होल्ट होतात, जिथं ४.२ ला थांबायला हवं. मध्ये फक्त बीएमएस उभा आहे, आणि स्वस्त पॅकमध्ये त्याचा भरवसा नाही. चार्जर पॅकसोबतचाच घ्या, जुना गोठ्यातून काढून टाका, नाहीतर घरातलं कोणीतरी सवयीनं तोच लावेल.

नवी बॅटरी घेताना बनवल्याची तारीख बघा. शिशाची बॅटरी नुसती पडूनही महिन्याला तीन-पाच टक्के उतरते, गरम गोदामात त्याहून जास्त, मीटर १२.४ च्या खाली दाखवत असेल तर चार्ज करूनच घ्या. '३६ अधिक २४' वॉरंटी म्हणजे साठ महिने फुकट बदली नव्हे. पहिले छत्तीस महिने बदलून मिळते, पुढचे चोवीस महिने नव्या बॅटरीच्या किमतीत सूट, आणि ती दर महिन्याला घटते. बिलावर सीरियल नंबर आणि एएचसोबत सी-१० की सी-२० ते दुकानदाराकडून लिहून घ्या.